थंडीतलं पोटभरीचं भाज्यांचं सूप: काय घालायचं, किती आणि कोणत्या क्रमाने

भाज्यांच्या सूपबद्दल दोनच तक्रारी ऐकू येतात. एक, ते पाणचट लागतं. दुसरी, तासाभरात पुन्हा भूक लागते. दोन्ही खऱ्या आहेत, पण दोष भाज्यांचा नाही. सगळं चिरून एकदम पाण्यात टाकलं आणि मीठ-मिरी घालून उकळलं, तर दुसरं काय होणार? गाजर कच्चट राहतं, कोबीचा लगदा होतो, पालक काळपट पडतो आणि पाण्याला चव येत नाही ती नाहीच. सूपचं निम्मं काम क्रमात आहे. कोणता जिन्नस भांड्यात कधी पडायला हवा हे कळलं, की घरात असतील त्या भाज्या चालतात.

भुकेचा मुद्दा वेगळा. नुसत्या भाज्यांनी पोट भरत नाही. भांड्यात एखादी डाळ किंवा कडधान्य हवं, थोडा बटाटा किंवा धान्य हवं आणि तेलाचा हात अगदीच आखडता नको. वाळलेल्या मसुरात १०० ग्रॅमला साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय चोथाही भरपूर. एवढं असलं की एक मोठा वाडगा म्हणजे रात्रीचं जेवण. सूपने पोट भरल्यासारखं वाटतं हा नुसता भासही नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचा २००७ सालचा एक प्रयोग आहे. जेवणाआधी भाज्यांचं सूप घेतलेल्या लोकांच्या पोटात, सूप धरूनही, सुमारे २० टक्के कमी कॅलरी गेल्या. सूप गुळगुळीत वाटलेलं होतं की फोडी तशाच होत्या, याने विशेष फरक पडला नाही. त्यामुळे वाटायचं की नाही हा प्रश्न निव्वळ आवडीचा. माझी आवड पुढे येईलच.

साहित्य, सहा जणांसाठी

दोन मध्यम कांदे, दोन गाजरं, सेलरीचे दोन दांडे, लसणाच्या पाच पाकळ्या. १५० ग्रॅम मशरूम. एक मोठा बटाटा. पाव किलो लाल भोपळा. तीन पिकलेले टोमॅटो आणि एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट. १०० ग्रॅम मसूर डाळ. शिजवलेला राजमा किंवा पांढरा घेवडा दीड वाटी. पाव कोबी किंवा पालकाची एक जुडी, दोन्ही असेल तर दोन्ही. तीन-चार मोठे चमचे तेल, दोन तमालपत्रं, थाइमच्या दोन काड्या किंवा अर्धा चमचा सुकं थाइम, ताजी कुटलेली मिरी, एक लिंबू, मीठ. पाणी किंवा स्टॉक (साली-देठं उकळून गाळलेलं पाणी) दीड लिटर, आणि शेवटी पातळ करायला शेगडीशेजारी थोडं कढत पाणी.

सेलरी मिळाली नाही तर अडत नाही. मशरूम नको असतील तर टोमॅटो पेस्ट दुप्पट करा. भोपळ्याऐवजी रताळं चालेल, फक्त सूप गोडसर होईल. बीट मात्र विचार करून घाला. एक लहानसं बीट पडलं तरी सगळं भांडं लाल होतं आणि बाकीच्या भाज्या ओळखू येत नाहीत.

भांडं पाच लिटरचं आणि जाड बुडाचं घ्या. याला पर्याय नाही. पातळ बुडाच्या भांड्यात कांदा नीट परतला जात नाही, आणि नंतर डाळ तळाला लागते ती वेगळीच.

कडधान्याची तयारी आदल्या रात्री

डबाबंद राजमा वापरणार असाल तर निथळून, धुऊन घ्या आणि हा भाग सोडून द्या. सुका राजमा असेल तर थांबून वाचा, कारण या अख्ख्या पाककृतीत सगळ्यात धोक्याची जागा हीच आहे.

कच्च्या राजम्यात लेक्टिन जातीचं एक विषारी द्रव्य असतं. अर्धकच्चे चार-पाच दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होऊ शकतात. ते मोडतं खळखळत्या उकळीनेच. मंद आचेवर तासन् तास ठेवून ते जात नाही. उलट कमी तापमानावर ते वाढल्याचं दिसलं आहे. म्हणून विजेच्या स्लो कुकरमध्ये भिजवलेला राजमा थेट कधीही टाकू नका. रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, दाणे धुवा आणि नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा. मग मऊ होईपर्यंत शिजवा. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे तिथे ही चिंता उरत नाही.

भिजवायच्या पाण्यात लिटरमागे दोन-तीन चहाचे चमचे मीठ घाला. मिठाने कडधान्य दडदडीत राहतं असं सांगितलं जातं, पण घडतं उलट. पेशींना एकत्र धरून ठेवणारं पेक्टिन नावाचं द्रव्य सालीत असतं, त्याला कॅल्शियम आणि मॅग्नेशियमने आवळून धरलेलं असतं. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं आणि साल सैल होते. दाणे फुटत नाहीत आणि सालीही दाताखाली येत नाहीत. जड पाण्यात कडधान्य शिजता शिजत नाही, त्यामागे हेच कॅल्शियम असतं.

उंचावरच्या थंड गावात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दर ३०० मीटर चढावर पाण्याचा उकळबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. दोन हजार मीटरवर पाणी ९३ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात कडधान्य फार रेंगाळतं. तिथे कुकरच बरा.

चिरणं

कांदा आणि सेलरी बारीक, गाजर एक सेंटिमीटरच्या फोडींत, बटाटा दोन सेंटिमीटर, भोपळा त्याहून जरा मोठा. भोपळा चटकन मोडतो, गाजर हट्टी असतं. आकाराने तो हिशोब जुळतो. फोड चमच्यात बसली पाहिजे आणि शेजारी दुसऱ्या भाजीला जागा उरली पाहिजे. कोबी लांब चिरला तर चमच्यावरून लोंबतो, म्हणून त्याचे चौकोनी तुकडे करा.

साली आणि देठं टाकू नका. गाजराच्या साली, मशरूमचे दांडे, सेलरीची पानं, कांद्याची टोकं पावणेदोन लिटर पाण्यात पाऊण तास मंद उकळून गाळली की उत्तम स्टॉक होतो. त्यापेक्षा जास्त उकळलं तर तो उतरल्यासारखा लागतो. कोबी आणि फ्लॉवरची देठं त्यात नकोत. बराच वेळ उकळली की गंधकाचा उग्र वास सोडतात. बाजारी स्टॉकच्या वड्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. त्यात मुख्यतः मीठ असतं, आणि मग प्रत्येक सूप त्या वडीच्याच चवीचं लागतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर. स्टॉक नसेल तर साधं पाणी घ्या. पुढची पायरी नीट केली तर पाण्याचंही सूप चांगलं होतं.

परतणं: इथे घाई नको

पाणी भांड्यात पडलं की तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. भाजल्याचा जो खमंगपणा आपल्याला हवा असतो, तो साधारण १४० अंशांच्या पुढे तयार होतो. म्हणजे खमंगपणा आणायचा तर पाण्याआधीच. नंतर कितीही उकळून तो येत नाही. पाणचट सूपचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

आधी मशरूम. चमचाभर तेलात, मोठ्या आचेवर, भांड्यात गर्दी न करता पसरून टाका आणि हलवू नका. आधी ते पाणी सोडतात, भांड्यात डबकं साचतं, आता हे उकडणार असं वाटतं. वाट पाहा. पाणी आटलं की आवाज बदलतो, भुरभुर थांबून चरचर सुरू होते आणि कडा तांबूस होऊ लागतात. मग एकदा उलटवा, चिमूटभर मीठ घाला आणि बाजूला काढून ठेवा.

मशरूम आणि टोमॅटो सूपमध्ये फोडी म्हणून कमी आणि चवीसाठी जास्त असतात. टोक्योतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्री शेवाळापासून ग्लुटामेट हे चव देणारं द्रव्य वेगळं काढलं आणि त्याच्या भरीव चवीला उमामी हे नाव दिलं. पिकलेल्या टोमॅटोत ते ग्लुटामेट असतं. वाळवलेल्या शिताके मशरूममध्ये ग्वानिलेट हे उमामीचंच दुसरं द्रव्य असतं. ही दोन एकत्र आली की चव बेरजेच्या कितीतरी पुढे जाते. वाळवलेलं मशरूम हाताशी असेल तर दोन-तीन तुकडे कोमट पाण्यात भिजवून, गाळलेल्या पाण्यासकट वापरा. मांसाच्या रश्शाची उणीव वाटणार नाही.

आता त्याच भांड्यात उरलेलं तेल, कांदा, गाजर, सेलरी आणि अर्धा चमचा मीठ. आच मध्यमपेक्षा कमी. मीठ कांद्यातलं पाणी ओढून काढतं, त्यामुळे तो लगेच करपत नाही. पाचेक मिनिटांत कांदा काचेसारखा होतो आणि बहुतेक जण इथेच थांबतात. थांबू नका. आणखी आठ-दहा मिनिटं, अधूनमधून तळ खरवडत परता. कांद्याचा नाकात जाणारा वास आधी गोडसर होतो, फोडी आक्रसून निम्म्या होतात, तेल कडेला सुटून गाजरामुळे नारिंगी दिसायला लागतं. तळाला तपकिरी थर धरतो. तो काळा पडला नाही तोवर तुमच्या फायद्याचा.

मग लसूण, अर्धं मिनिट. लसूण आधी टाकलात तर कांदा होईपर्यंत तो जळून कडू होतो. लगेच टोमॅटो पेस्ट आणि थाइम. पेस्टचा भडक लाल रंग विटकरी होईपर्यंत दोन मिनिटं परता. डावभर कढत पाणी घालून लाकडी उलथन्याने तळाचा तो थर पूर्ण सोडवून घ्या. इथे भांड्यात जेमतेम दोन वाट्या ऐवज असतो, पण सूपची चव ठरून गेलेली असते.

पाणी आणि क्रम

दीड लिटर पाणी किंवा स्टॉक गरम करूनच ओता. धुतलेली मसूर डाळ, बटाटा, तमालपत्र आणि एक चहाचा चमचा मीठ घाला. उकळी फुटली की वर आलेला फेस काढा, आच कमी करा आणि झाकण तिरकं ठेवा. पाणी खदखदायला नको. तळातून एखाद-दुसरा बुडबुडा वर येत राहिला की पुरे. रटरट उकळल्याने लवकर शिजतं असं नाही. बटाट्याच्या कडा झिजतात, डाळ तळाला बसते आणि पाणी आटतं एवढंच.

पंधरा मिनिटांनी डाळीचा दाणा बोटात दाबून बघा. सहज चेपला की भोपळा घाला आणि आणखी पाच मिनिटांनी चिरलेले टोमॅटो. टोमॅटो इतके उशिरा घालण्याला कारण आहे: आंबटपणात भाजीच्या पेशीभित्तिकांमधलं पेक्टिन विरघळत नाही. डाळ आणि बटाटा कच्चे असताना टोमॅटो घातले तर अर्धा तास जास्त शिजवूनही मधला गाभा टणक राहतो. आधीची चमचाभर पेस्ट एवढ्या पाण्यात नगण्य असते, तिची काळजी नको. उलट बाजूने, लवकर शिजावं म्हणून खाण्याचा सोडा टाकू नका. भाजी लवकर मऊ होते हे खरं, पण चवीला साबणासारखी लागते आणि काही जीवनसत्त्वंही जातात.

टोमॅटोच्या पाठोपाठ राजमा आणि बाजूला ठेवलेले मशरूम. दहा मिनिटं.

डाळीऐवजी बार्ली घालायची असेल तर ती चाळीस-पंचेचाळीस मिनिटं घेते, म्हणून बटाट्याच्या अर्धा तास आधी टाका. तिच्यातल्या चिकट चोथ्याने सूपला छान अंग येतं. पास्ता किंवा भात हवा असेल तर वेगळा शिजवून वाडग्यात घाला. भांड्यात टाकलात तर दुसऱ्या दिवशी सगळं पाणी पिऊन तो फुगून बसलेला असतो.

दाटपणा

दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर हा मला सूपवरचा अन्यायच वाटतो. चकाकी येते, चव मात्र मागे हटते. या भांड्यात डाळ आहे, बटाटा आहे, भोपळा आहे. दाट करायला आणखी काही लागत नाही. तमालपत्र आणि थाइमच्या काड्या काढून टाका, दोन-तीन डाव सूप फोडींसकट बाजूला घ्या, मोडून परत ओता आणि ढवळा. पळीवाढं झालं पाहिजे: पळीतून सलग धार पडावी, पण पळी रिकामी झाल्यावर तिच्यावर पातळ थर राहावा. सगळं वाटून गुळगुळीत करायला कुणाची हरकत नाही, पण मला पोटभरीच्या सूपमध्ये चावायला काहीतरी लागतं.

मिक्सर वापरणार असाल तर सूप थोडं निवू द्या आणि भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. बंद भांड्यात कढत द्रव फिरला की वाफ एकदम फुगते, झाकण उडतं आणि हात भाजतो. झाकणाची मधली टोपी काढून वर जाड फडकं धरा. बटाट्याचे तुकडे शक्यतो मिक्सरमध्ये नकोत. फार फिरले की त्यांतला स्टार्च सुटून खळ होते. ते चमच्यानेच चेपा.

हिरवं सगळ्यात शेवटी

कोबी जेवायला बसण्याच्या सात-आठ मिनिटं आधी. पालक आच बंद करण्याच्या मिनिटभर आधी. तो उष्णतेने नुसता मिटला पाहिजे. पाच-सात मिनिटांपुढे उकळत राहिला, आणि त्यातही आंबट पाण्यात, की हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि रंग शेवाळी होतो. क जीवनसत्त्व उष्णतेने घटतं आणि पाण्यात उतरतं. सूपमध्ये ते पाणी आपण पितो, त्यामुळे उतरलेलं वाया जात नाही. उष्णतेने जाणारं वाचवायला शेवटी घालणं एवढाच उपाय.

आच बंद केल्यावर अर्ध्या लिंबाचा रस आणि मिरी. आता मीठ बघा, पण उकळत्या डावातून नाही. फार गरम घास जिभेला नीट कळत नाही, म्हणून चमचाभर बशीत घेऊन फुंकून चाखा. अळणी वाटलं तर मिठाआधी उरलेलं लिंबू थोडं पिळून पाहा; पुष्कळदा उणीव आंबटाची असते.

खारट झालं तर बटाट्याची फोड टाकून मीठ शोषून घ्यायची युक्ती सांगितली जाते. फोड खारट पाणी पिते, पण नेमकं मीठ तेवढं वेचून घेत नाही. गरम पाणी आणि मूठभर शिजलेली डाळ वाढवणं हाच मार्ग. तळाला लागलं असेल तर तळ न खरवडता वरचं सूप हलकेच दुसऱ्या भांड्यात ओता. वास लागलेला असेल तर काही करता येत नाही.

वाढताना

वाडग्यांत कढत पाणी भरून दोन मिनिटं ठेवा, ओतून पुसा आणि मग सूप वाढा. गार वाडगा सूपची बरीचशी ऊब पहिल्याच मिनिटात खातो. दाट सूप पातळापेक्षा उशिरा निवतं, कारण त्यात वरखाली प्रवाह सहज फिरत नाहीत. थंडीत दाटच करावं, त्याचं हेही एक कारण. वरून चांगल्या तेलाची बारीक धार सोडा. गाजर-भोपळ्यातलं बीटा कॅरोटीन आणि टोमॅटोतलं लायकोपीन स्निग्ध पदार्थासोबतच शरीरात नीट शोषलं जातं. बिनतेलाचं 'डाएट' सूप त्यामुळेच मला आरोग्यदायी वाटत नाही.

उरलं तर

उरणारच, आणि दुसऱ्या दिवशी ते जास्त मुरलेलं लागतं. पण रात्रभर शेगडीवर झाकून ठेवायचं नाही, कितीही थंडी असली तरी. उकळूनही टिकून राहणारे काही जिवाणूंचे बीजाणू कोमट सूपमध्ये झपाट्याने वाढतात, आणि मोठं भांडं आतून तासन् तास कोमट राहतं. उथळ भांड्यांत काढा, गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका. तिथे तीन-चार दिवस टिकतं. डीप फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने ठेवता येतं, पण बटाट्याची फोड वितळल्यावर रवाळ होते. साठवणीसाठी करणार असाल तर बटाटा गाळून डाळ वाढवा आणि पालक घालूच नका. डबा काठोकाठ भरू नका, गोठताना सूप फुगतं.

गरम करताना लागेल तेवढंच काढून घ्या. डाळीमुळे ते घट्ट झालेलं असेल, म्हणून आधी थोडं पाणी घाला, ढवळत ढवळत पूर्ण उकळी आणा, आणि हिरवं हवं असेल तर ताजा पालक त्याच वेळी टाका. लिंबू पुन्हा पिळावं लागेल, आदल्या दिवशीचा ताजेपणा तोवर विरलेला असतो.